मान टाकणारा सर्व्हर

अपूर्वा लेले हिला कामावरून काढण्यात आलं आहे.

असं काहीही झालेलं नाही. ते पत्र निघालंच नव्हतं, असं हिंजवडीच्या त्या कंपनीत आता सर्वांनी समजायचं आहे. आपणही समजा.

झालं ते एवढंच. कंपनीच्या फायली, गप्पा आणि मीटिंगा एका जागी याव्यात म्हणून अपूर्वाने एका लिनक्स मशीनवर नवा सर्व्हर उभा केला. डेटाबेसपासून परवानग्यांपर्यंत सगळं तिनेच लावलं. तिच्या टेबलावर तो दिवसभर शहाण्या बाळासारखा चालला. खंडेनवमीला तो कुलुपाच्या खोलीत हलवला. दसऱ्याच्या सुट्टीनंतर सकाळी चालू केला, तर त्याने मान टाकली. पुन्हा चालू केला. पुन्हा टाकली.

"सेटिंग चुकलंय हिचं," संचालक श्यामसुंदर परचुरे म्हणाले. अपूर्वा अजून कायम झालेली नव्हती. काढण्याचं पत्र सही होऊन टेबलावर तयार होतं.

वरच्या मजल्यावरच्या सुरक्षा विभागातून स्पृहा तपासाला आली. तिचा माणसांवर विश्वास नव्हता. यंत्रांवर थोडा होता.

खोली थंडगार होती. मशीन भिंतीला पाठ टेकून उभं. पुढच्या जाळीपाशी एक केशरी पाकळी. स्क्रीनवर शेवटचा निरोप: तापमान जास्त, बंद होत आहे.

"किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याकडे आणि मशीन सांभाळणाऱ्या पुष्करकडे. पण मी त्या खोलीत पाऊलही ठेवलेलं नाही," परचुरे म्हणाले. "आणि पूजाबिजा तिथे बंद. नोटीस लावलीय मी. आपण तंत्रज्ञान विकतो, अंगारे नाही."

बाहेर प्रत्येक कॉम्प्युटरला झेंडूचा हार होता. पाण्याच्या कूलरलाही. फक्त पुष्करचं टेबल मोकळं.

"तुम्हाला हार नाही?"

"झेंडू जवळ आला की..." पुष्कर शिंकला. पुन्हा शिंकला. "मी म्हणालोच होतो, तयार सॉफ्टवेअर घ्या. पण इथे ऐकतं कोण आमचं?"

"ऐकू येण्याआधी शिंक येते, त्याला कोण काय करणार?" स्पृहा म्हणाली.

"अहो, हिने बसवलंय काय!" परचुरे मध्येच म्हणाले. "पाठ बघा त्याची. इस्त्रीसारखी भाजते."

स्पृहाने सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"सेटिंग चुकलं असतं, तर हा टेबलावरच पडला असता. अपूर्वा सुटली. हा तापून पडतोय. खोली थंड, म्हणजे आतली गरम हवा मागून निघत नाहीये. किल्ल्या दोघांकडे. पुष्करने इथे झेंडू आणला असता, तर शिंका विश्रांतवाडीपर्यंत ऐकू गेल्या असत्या. उरलं कोण? भिंतीला टेकलेल्या मशीनची पाठ भाजते, हे खोलीत पाऊल न ठेवलेल्या माणसाला कसं कळलं?"

तिने मशीन ओढलं. मागच्या पंख्यात हाराचा दोरा गच्च गुंडाळला होता. वर हळदकुंकू. जाळीत सुपारी.

"पुढून घातला असता तर दाराच्या काचेतून दिसला असता ना," परचुरे म्हणाले. "सकाळी काढायला आलो, तर निघेना."

"आणि तुमची नोटीस?"

"ती स्टाफसाठी. पूजा न करता नवं यंत्र सुरू केलं असतं, तर घरी आईला काय सांगू मी?"

"आणि हिला काय सांगणार होतात?"

परचुऱ्यांनी परत जाऊन टेबलावरचं पत्र खिशात घातलं.

हार कापला. सर्व्हर सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे. त्यावर सर्वांना गेलेला पहिला निरोप अपूर्वाचा:

"विषय: माफीबाबत. माननीय संचालकांनी माझी लेखी माफी मागावी, ती पूजाबंदीच्या नोटिशीशेजारी लावावी आणि दोन्हींना मिळून तोच हार स्वहस्ते घालावा, ही नम्र विनंती."