टाइल्सवरची घसरगुंडी

"कॉक नीट आवळला असतास तर पाण्याला काय पंख फुटले असते?" मॅनेजर ओरडले.

"साहेब, मी आवळतो. रोज आवळतो," मामा म्हणाला.

"मग पाणी कुणी प्यायलं? मी?"

"पोटाकडे बघून वाटतंय तसं!"

हे मामा बोलला नव्हता. बोलला होता त्याचा भाचा, सुट्टीला आलेला. घरात त्याला ठिणगी म्हणत. का, ते मॅनेजरांना आत्ताच कळलं होतं.

"ए, तू तोंड सांभाळ! सुट्टीला आलायस ना? खा, पोह आणि गप्प बस." मग ते मामाकडे वळले. "संध्याकाळी मालकीणबाई येतायत. तलावाच्या किल्ल्या त्यांच्या हातात द्यायच्या. आणि मागची खोली रिकामी करायची. कळलं?"

मामानं मुकाट मान डोलावली. ते बघूनच ठिणगीचं डोकं जास्त तापलं.

मामा या पोहण्याच्या तलावाची देखभाल करायचा आणि मामी आणि मुलांसह तलावामागच्या खोलीत राहायचा. नोकरी गेली की खोलीही जाणार. हल्ली रोज पहाटे तलावातलं पाणी खाली गेलेलं असायचं आणि लोक यायच्या आत मामा ते पुन्हा भरायचा. तलावाच्या तळाशी गाळ सोडायचा एक कॉक होता. मामा तो सैल ठेवतो, असं मॅनेजरांचं म्हणणं. कॉकचं दुसरं तोंड जमिनीखालच्या गटारात उघडायचं, त्यामुळे तिथून पाणी जातंय की नाही हे बघायची सोयच नव्हती. मॅनेजरांना बोट दाखवायला जागा हवी होती आणि त्यांना ती मिळाली होती.

त्या दिवशी तलाव भरला, पण लोकांसाठी बंद ठेवला. लहान मुलांच्या घसरगुंडीखाली तिघांची बैठक बसली. ठिणगी, मामाची मुलगी आणि मामाचा धाकटा मुलगा. मुलगी सतत पट्टी घेऊन फिरायची म्हणून ती पट्टी. धाकटा सतत कुणाच्या तरी मागे फिरायचा म्हणून तो शेपूट.

"मी जाऊन त्या मॅनेजरच्या स्कूटरची हवा सोडतो," ठिणगी म्हणाला.

"आणि त्यानं बाबांची नोकरी वाचेल?"

"नाही. पण मला बरं वाटेल!"

"ऐक जरा." पट्टीनं ओल्या जमिनीवर बोटानं दोन रेघा काढल्या. "कॉक कुठे आहे? पार तळाला. त्याच्यावर एवढं मोठं पाणी दाबतंय. वरचं थोडं कमी झालं तरी त्याला काय फरक पडतो? म्हणजे तिथून गळत असेल तर दर तासाला जवळजवळ सारखंच पाणी जाणार. आलेख काढला तर सरळ उतार. पण भोक वरच्या बाजूला कुठेतरी असेल तर?"

"तर काय?"

"भोकावर पाणी जास्त तेव्हा जोरात जाणार. कमी झालं की हळू. पाणी भोकापाशी पोचलं की बंद! आधी उभी घसरण, मग मंद, मग सपाट."

शेपटानं वर बघितलं. "या घसरगुंडीसारखं?"

"डिट्टो असंच! सरळ उतार आला तर कॉक. घसरगुंडी आली तर भोक."

"आणि सरळ उतार आला तर?" ठिणगीनं विचारलं.

"तर बाबा खोटं बोलतायत," पट्टी म्हणाली आणि उठली. "मला दाताला तार बसवायला जायचंय. तू मोजायचं. काठापासून पाणी किती टाइल्स खाली गेलं ते बघायचं आणि तिकडे कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर मांडायचं. एक आडवी टाइल म्हणजे एक तास. खाली गेलं की टिंब खाली. जमेल?"

"गाढव समजतेस का मला?"

पट्टी नुसती हसून निघून गेली, हा तिचा मोठेपणा.

कपडे बदलायच्या खोलीची भिंत पांढऱ्या चौकोनी टाइल्सची होती. आयता आलेखाचा कागद! शेपटाच्या मेणाच्या खडूनं ठिणगीनं पहिलं टिंब काढलं. सुरुवातीला तो सारखा धावत होता. काठावर पालथं पडून टाइल्स मोजायच्या, पळत खोलीत जायचं, टिंब काढायचं. पाणी खरंच भराभर उतरत होतं. मग कंटाळा आला. शेपटाबरोबर चेंडू झाला, भिंतीवर चढून झालं, पुन्हा चेंडू झाला. आठवण आली की तो जाऊन मोजायचा आणि पुढच्या टाइलवर टिंब काढायचा.

दुपारी त्यानं सगळी टिंबं जोडली आणि तो दोन पावलं मागे सरकला.

रेघ सरळ होती. पट्टीच्या पट्टीनं आखावी इतकी सरळ!

"हे काय चाललंय?" दारात मॅनेजर. "भिंत घाण करता?"

"घाण नाही, आलेख आहे," शेपूट छाती काढून म्हणाला. "सरळ उतार आला तर कॉक आणि घसरगुंडी आली तर भोक!"

ठिणगीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण सगळं बाहेर पडून गेलं होतं.

मॅनेजरांनी मान वाकडी करून भिंत बघितली. मग ते हसले. "अरे वा! हुशार मुलं आहात. पुसू नका हं. मालकीणबाईंना मी स्वतः दाखवतो."

पट्टी दुखरा गाल धरून परत आली. भिंत बघितली आणि तिच्यासमोरच बसली.

"बाबा असं करणार नाहीत."

"मी मोजलंय. स्वतः!" ठिणगी म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता.

तिनं टिंबांवरून बोट फिरवलं. "दोन टिंबांमध्ये किती वेळ गेला?"

"गेला असेल."

"गेला असेल म्हणजे? तासातासानं मोजलंस ना?"

"पहिली दोन-तीन लगेच लगेच. मग... वेळ मिळेल तसं."

"वेळ मिळेल तसं? तू काय मंत्री आहेस?" पट्टी उभी राहिली. "अरे, पाणी हळू झालं आणि तूही हळू झालास! तू उशिरा आलास म्हणून दर वेळी तेवढंच पाणी गेलेलं दिसलं. आणि टिंबं मात्र एकेका टाइलवर. रेघ सरळ येणारच! ही पाण्याची रेघ नाही, तुझ्या आळसाची आहे!"

एरवी ठिणगी भडकला असता. या वेळी त्याला भडकायला तोंडच नव्हतं. त्याच्या चेंडूपायी मामाची खोली जाणार होती.

"मला घड्याळ आठवत नाही," तो म्हणाला. "पण सावली आठवते."

"कसली?"

"घसरगुंडीच्या शिडीची. मी पालथा पडायचो तेव्हा समोरच असायची. पहिल्यांदा ती बाकाला चिकटून होती. दुसऱ्यांदा बाकाच्या मधोमध. मग नळापाशी. मग एकदम पायरीवर! मधलं सगळं चेंडूत गेलं."

पट्टीनं गालावरचा हात काढला. "नक्की?"

"माझं गणित कच्चं आहे. डोळे नाहीत!"

तिनं सावलीच्या जागा पावलांनी मोजल्या आणि वेळेचा अंदाज बांधला. जुनी टिंबं तिनं शेजारी नव्यानं मांडली. लवकरची एकमेकांजवळ आली, उशिराची लांब गेली. रेघ वाकायला लागली.

"अंदाजावर मॅनेजर ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "पुढची टिंबं घड्याळावर."

त्या दुपारी ठिणगी काठावर बसला तो हललाच नाही. शेपटानं दोनदा चेंडू दाखवला, तर त्यानं डोळे वटारले. ठरल्या वेळी मोजायचं, ठरल्या वेळी टिंब. पाणी जेमतेम खाली सरकायचं. मग त्याहून जेमतेम. शेवटची दोन टिंबं एकाच रांगेत आली.

"सपाट!" पट्टी किंचाळली. "थांबलं!"

ठिणगी तोवर बाहेर पळाला होता. पाणी जिथे थांबलं होतं, ती टाइल्सची रांग त्यानं नजरेनं तलावाभोवती फिरवली. इकडची भिंत कोरी. पलीकडची कोरी. समोर मात्र नवा गोल दिवा, पाण्याखालून उजेड पाडणारा. पाणी बरोबर त्याच्या वरच्या काठाशी टेकलं होतं.

"दिवा! पाणी दिव्यात जातंय!"

तेवढ्यात फाटक वाजलं. मालकीणबाई आल्या. पांढरे केस, हातात छत्री. मॅनेजर पुढे पुढे करत त्यांना आणि मामाला थेट आलेखाच्या भिंतीपाशी घेऊन गेले.

"बघा बाई, याच्या घरच्याच मुलांनी शोधून काढलंय. सरळ..." ते थांबले. भिंतीवर आता दोन रेघा होत्या.

"ही कुणाची?" बाईंनी पहिल्या रेघेवर छत्री टेकवली.

"माझी. ती चुकलीय," ठिणगी म्हणाला. "दुसरी बरोबर आहे. पटत नसेल तर चला, दाखवतो. मामा, थोडं पाणी सोड. दिवा बुडेल इतकंच."

"थांबा! आधी मेन स्विच बंद!" पट्टी ओरडली.

मामानं मेन स्विच बंद केला आणि पाणी सोडलं. दिवा बुडला. ठिणगीनं शेपटाच्या चित्रकलेच्या लाल रंगाची बाटली काठावरून हळूच दिव्यापाशी ओतली. रंग क्षणभर तरंगला. मग त्याची बारीक शेपटी झाली, दिव्याच्या कडेच्या फटीत वळली आणि सरसर आत गेली.

"अगं बाई!" मालकीणबाई म्हणाल्या. "हा जातो कुठे?"

"वायरीची नळी जिथे जाते तिथे," मामा म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी मॅनेजरांच्या ऑफिसकडे धावला. टेबल सरकवून त्यानं जमिनीतलं लोखंडी झाकण उचललं. खाली वायरींचा खड्डा. खड्ड्यात वाळू, वाळूवर पाणी आणि पाण्यात हळूहळू पसरणारा लाल रंग. वायरी त्यातच बुडालेल्या.

सगळ्यांनी मॅनेजरांच्या पायांकडे बघितलं. या टेबलाशी रोज मॅनेजरच बसायचे, अनवाणी पाय खाली सोडून.

"दिवे बसवले तेव्हा नळीचं तोंड बुजवलं नाही?" बाईंनी विचारलं.

"ते... उद्घाटनाची घाई होती. मिस्त्री म्हणाला, दुसऱ्या दिवशी सिमेंटचा मसाला भरतो. मीच म्हटलं, राहू दे, चाललंय की," मॅनेजर कपाळ पुसत म्हणाले. "ओल येत होती जरा. मला वाटलं, हवाच तशी आहे."

"आणि खोली दुसऱ्याची रिकामी करत होता!" बाईंनी टेबलावरचा तलावाच्या किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि मामाच्या हातात ठेवला. "तुमच्याकडेच राहू देत. आधी नळीचं तोंड बुजवा, मग तलाव भरा." मामानं किल्ल्या मुठीत आवळल्या.

मॅनेजर दोनदा खाकरले आणि मग मामाला म्हणाले, "चुकलंच माझं."

बाई मुलांकडे वळल्या. "शाबास रे! एवढं गणित कुठे शिकलात? इकडे या, बसा. मला सगळं पहिल्यापासून सांगा. तू सांग, रंग ओतणारा."

"ही सांगेल," ठिणगी दाराकडे सरकत म्हणाला. "मामीला अजून कुणी काही सांगितलंच नाहीये. ती तिकडे सामान बांधत बसलीय. मला निघायला हवं, आत्ताच!"