वेंडेलिनची ट्रंपेट

आमच्या गावच्या बँडला जुनं वाद्य घ्यायचं असलं की तपासायला मलाच पिटाळतात. गुडघे बोलायला लागलेत, ब्लॅक फॉरेस्टचे हे चढ आता नको वाटतात. पण नाही म्हणायची सवय लावून घ्यायची राहूनच गेली. परवा शनिवारी दुपारी असाच इर्मगार्टकडे गेलो. तिचा नवरा वेंडेलिन आमच्या बँडचा मुख्य ट्रंपेटवाला. त्याला जाऊन दोन वर्षं झाली.

दारातच बांधलेली सुटकेस दिसली. इर्मगार्ट अंगात कोट घालूनच बसली होती. संध्याकाळच्या गाडीनं ती कायमची लेकीकडे निघाली होती, पण ट्रंपेट बँडच्या हाती दिल्याशिवाय तिचा पाय घरातून निघेना.

"एकदाची घेऊन जा बाबा, गेरोल्ड," ती म्हणाली. "तिच्यापायी मी इथं अडकलेय."

मी खिडकीपाशी बसलो. जुनी ट्रंपेट घेताना मी चकाकीकडे बघतच नाही. चकाकी काय, कुणीही घासून आणतो. पितळेवर गुलाबी ठिपके नव्हते, म्हणजे आतून कुजलेली नव्हती. तिन्ही कळा दाबल्या, अलगद खाली गेल्या. इतके दिवस तेल न घातलेल्या कळा अशा जात नाहीत, पण म्हटलं असेल. मग सवयीनं पाणी काढायची खुट्टी दाबून फुंकर मारली, आणि फरशीवर चमचाभर पाणी पडलं.

वाजवणाऱ्याच्या श्वासाचंच ते पाणी. आमच्याकडे रीत अशी, की मेलेल्या वादकाच्या ट्रंपेटमधलं पाणी कुणी काढत नाही. ते त्याचं, आपोआप सुकू द्यायचं. माझ्या हातून होऊ नये ते होऊन गेलं. पण एवढ्या काळात ते सुकायला नको होतं?

"मधे कुणी वाजवली का?" मी विचारलं.

"पेटी उघडलीसुद्धा नाही," ती म्हणाली.

पाणी कोमट होतं.

आता गळती बघायची राहिली होती. नळीचं एक तोंड बोटानं बंद करायचं, दुसरीकडून हवा ओढायची. बोट चिकटून राहिलं तर वाद्य ठणठणीत. मी हवा ओढली. बोट चिकटलं नाही. आतून कुणी फुंकावं तसं ते बाजूला ढकललं गेलं, आणि त्या हवेनं माझी छाती गच्च भरली.

भ्यायलो, खोटं कशाला बोलू. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणालो, "चांगली आहे. घेतली आम्ही."

तिनं डोळे पुसले, सुटकेस उचलली, निरोपाला मला जवळ घेतलं. आणि तशीच थांबली.

"तू पुदिन्याच्या गोळ्या कधीपासून खायला लागलास? त्याच्यासारख्या?"

मी आयुष्यात कधी खाल्ल्या नाहीत. तसं सांगायला तोंड उघडलं, तर तिनं डोळे मिटून तो वास घेतला.

मग सुटकेस खाली ठेवली. कोट काढून खुंटीला अडकवला. टेबलाशी वेंडेलिनची खुर्ची ओढली.

"बस," ती म्हणाली. "दमला असशील."

मी बसलो.