दिवटी माशाची खवलं

तबकावर मासा ठेवला की तबक त्याची जात बोलून दाखवी. बंदरावरच्या प्रत्येक कोळणीपुढे आता असं एक ओळखतबक होतं, त्यामुळे चांगुणा पागधरेला त्याचं नवल उरलं नव्हतं. पण आज समुद्रतळाच्या तपासणीच्या बोटीवर ती मासे हाताळायला आली, आणि त्याच तबकाने तिची मती गुंग केली.

पाणबुड्या यंत्राने हजार मीटर खोलातून सात मासे पाण्याच्या नळकांड्यातून अलगद वर आणले होते. बोटाएवढे, टपोऱ्या डोळ्यांचे, पोटावर उजेड देणाऱ्या ठिपक्यांची रांग असलेले. बोटीवर त्यांना दिवटी म्हणत. ठिपक्यांच्या मांडणीवरून त्यांची जात ठरे. ती नवी निघाली तर समुद्रतळाचं खाणकाम थांबणार होतं आणि चांगुणाच्या गावची मासेमारी वाचणार होती. दुपारपर्यंत निकाल परवाना कार्यालयाला कळवायचा होता.

चांगुणाने एकेक मासा ठेवला. "दिवटी, नेहमीची जात," तबक सहा वेळा म्हणालं. सातव्याला म्हणालं, "अनोळखी जात."

"अगो, एकाच थव्यातले ना हे?"

शास्त्रज्ञ अन्वी केळुसकरने भिंगातून पाहिलं. "मावशी, या सहांचं काय केलंत?"

"काय म्हणजे? धुतले, अंगठ्याने खवलं काढली. सातवा राहिला. माणसांपुढे मळका मासा ठेवू?"

"अहो, तपासायला आणले होते, तळायला नव्हे! खवल्यांबरोबर ठिपके निघून जातात."

चांगुणाने अंगठा पदराआड घेतला. तरी ती म्हणाली, "पण खवलं काढली म्हणून रावसाचा बांगडा होतो काय?"

अन्वी तबकाकडे वळली. तबकाच्या साठ्यातले नेहमीच्या दिवटीचे जुने फोटो तिने भराभर उघडले. सगळे मासे जाळ्यात घासटून आलेले. एकाच्याही अंगावर खवलं नव्हती.

"म्हणजे तुझ्या तबकाने दिवटी कधी धड पाहिलीच नाही?"

"नाही."

"मग हा सातवा नवा, की नेहमीचाच, धड अंगाचा?"

"मला कळत नाही, मावशी. त्या एका नावाखाली दहा जाती असतील. किंवा एकच."

फोन वाजला. परवाना कार्यालयातला साहेब विचारत होता, "मॅडम, नवी जात आहे की नाही?"

अन्वीने चांगुणाकडे पाहिलं. 'नवी' हा शब्द चांगुणाच्या ओठांवर आला होता, पण जीभ उचलेना.

"त्यांना विचार बाय," ती म्हणाली, "गेल्या वर्षी दोन जागी तळ खणू दिलात, तेव्हाही असेच खवलं गेलेले मासे पाहून तबक 'नेहमीची' म्हणालं होतं काय?"