तीन टोल्यांनंतर

दार ओढून घ्या आधी, वारा येतोय. आणि ती कपाळावरची बॅटरी बंद कर रे, माझ्या डोळ्यांत कशाला मारतोस? उद्या रात्री खाणीच्या ट्रेलवर सायकली काढायच्या म्हणताय ना, मग आज जरा अंधारात बसायची सवय करा.

"काका, आम्हाला घाबरवायचा बेत दिसतोय."

घाबरवून मला काय मिळणार? तुम्ही मला अजून चहासुद्धा विचारलेला नाही. घडलं ते सांगतो. मग जायचं तर जा.

सायकल मिस्त्री माझा तीस वर्षांचा दोस्त. त्याचं सायकलचं दुकान, माझं वेल्डिंगचं, मध्ये एकच भिंत. खाण बंद पडली तेव्हा दोघांचंही काम बसलं. दहा वर्षं माश्या मारल्या. मग कुणा शहाण्याच्या लक्षात आलं, की त्या लाल टेकड्या, ट्रॉलीचे जुने मार्ग, पाण्यानं भरलेले खड्डे आणि वरून दिसणारा समुद्र, हे सगळं सायकल हाणायला झकास आहे. बाहेरून पोरंपोरी यायला लागली. मिस्त्रीनं खाणीच्या गेटाशीच नवं दुकान टाकलं, मीही माझं शेजारी हलवलं. ते गेट मी वेल्ड केलंय, बिजागरीसकट. मिस्त्री म्हणायचा, "आमचे वडील याच उतारावर धापा टाकत मेले, आणि ही पोरं हौसेनं आपटायला येतात!"

गेटापाशी रुळाचा एक तुकडा साखळीनं टांगलेला आहे. तुम्ही पाहिला असेल, त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढतात लोक. तो खाणीच्या वेळचा. पाळी सुटली, सगळी माणसं बाहेर आली, की त्यावर हातोडीनं तीन टोले. म्हणजे आत कुणी नाही. मग बोगद्याचं लोखंडी दार बंद, आणि माणसं अंगावरची लाल माती धुवायला नळाकडे. मिस्त्रीनं तीच पद्धत ठेवली होती. संध्याकाळी शेवटची सायकल आली की ट्रेलवरच्या बाणांच्या पाट्या काढून आणायच्या, तीन टोले द्यायचे, गेट लावायचं.

एकदा, आम्ही शाळेत होतो तेव्हा, ते टोले लवकर पडले होते. धो धो पाऊस, खड्ड्याचं पाणी बोगद्याकडे वळलेलं. पाळीवरच्या मुकादमानं खिळ्यांवर टांगलेले दिवे मोजले. सगळे परत आलेले. त्यानं टोले दिले, दार लावलं. पण कंत्राटी माणसांना दिवे मिळायचेच नाहीत. ती दुसऱ्याच्या उजेडात काम करायची. मुकादमानं दिवे मोजले. माणसं नाही मोजली.

"किती जण होते, काका?"

त्यांची नावं कुणी लिहिलीच नव्हती. किती म्हणून सांगू?

असो. ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. आभाळात चंद्र नाही, समुद्रावरून धुकं चढायला लागलेलं. त्या दिवशी शर्यत होती. बत्तीस सायकली. मिस्त्रीच्या बहिणीची मुलगी मदतीला आलेली. वीस वर्षांची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिची आई गेल्यापासून मिस्त्री आणि वहिनींनीच तिला वाढवलं. मिस्त्रीचा जीव होता तिच्यात. तोंडानं मात्र दिवसभर, "अगं गधडे, चेनला तेल घाल!" आणि ती, "मामा, तुझ्या गुडघ्यात घालते आधी. जास्त करकरतोय तो."

सहा वाजता शेवटचे स्वार परतले. मिस्त्री एका मोडक्या चाकात डोकं घालून बसलेला. भाची त्याच्या मागं येऊन म्हणाली, "मामा, तुझा गुडघा दुखतोय ना. वरच्या टोकाच्या पाट्या मी काढून आणते. चालतच जाते, बोगद्यापर्यंत तर जायचंय."

मिस्त्री म्हणाला, "हं."

आपण कामात असलो की म्हणतो ना, तसं. ऐकलं काहीच नव्हतं त्यानं.

मग उठला. खालच्या पाट्या काढल्या. वरच्या उद्या बघू म्हणाला. स्टँडवरच्या सायकली मोजल्या. तेहेतीस. शर्यतीच्या बत्तीस आणि भाचीची एक. बरोबर.

सहा चाळीसला त्यानं तीन टोले दिले. मी दुकान बंद करत होतो, मी स्वतः ऐकले.

पावणेआठला वहिनींनी विचारलं, "अहो, ती जेवायला येईना. कुठं पाठवलीत तिला?"

"आत झोपली असेल."

"आत मीच होते की मघापासून."

मिस्त्री मला सांगायचा, त्या क्षणी त्याला ते 'हं' आठवलं. आपलाच आवाज आठवला. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काय असतं ते तेव्हा कळलं, म्हणायचा. फोन लावला, तर तो दुकानातच वाजला, चार्जिंगला लावलेला. मला फोन करायचंही भान राहिलं नाही त्याला. वहिनींना म्हणाला, "गेट उघडं धर. मी येईपर्यंत हलू नकोस." आणि सायकल काढून वर.

धुकं इतकं, की बॅटरीचा उजेड चार हातांवर अडायचा. दुसऱ्या वळणापर्यंत त्यानं स्वतः पाट्या काढलेल्या. तिसऱ्या वळणावरची पाटीही नव्हती. चौथ्याचीही. म्हणजे पोरगी इथवर आली होती. त्याला जरा धीर आला. हाका मारत चढत राहिला.

पुढे वाटेत पाट्यांचा गठ्ठा. दोरीनं नीट बांधलेला. शेजारी कुणी नाही.

तो थांबला.

खालून समुद्राचा आवाज. आणि बोगद्याच्या तोंडाशी कुणीतरी हळू बोलत होतं.

भाचीच होती. बोगद्याच्या गंजक्या दाराला पाठ लावून बसलेली. कडेची माती सुटून घसरली होती, पाय घोट्यातून वाकडा झालेला. मिस्त्रीनं सायकल टाकली, धावत गेला. "अगं बाळा! मला हाक का नाही मारलीस?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"मामा... हळू बोल."

"का?"

"ते विचारतायत."

"कोण?"

तिनं मागच्या दाराकडे डोळ्यांनी खूण केली फक्त.

"काय विचारतायत?"

"टोले पडले का, विचारतायत. कधीपासून तेच विचारतायत, मामा. मी ऐकले होते टोले. मी काय सांगू?"

मिस्त्री म्हणायचा, तो आधी तिच्याकडेच बघत राहिला. ताप चढला असेल, डोक्याला लागलं असेल. कपाळावर हात ठेवला. गार.

मग दाराच्या आतून आवाज आला. दमलेला. अगदी साधा. रस्त्यात कुणी वेळ विचारावी तसा.

"टोले पडले का हो?"

मिस्त्रीनं पोरीचा हात धरला.

"...पडले का?"

आता तुम्ही म्हणाल, त्यानं पोरीला उचलून पळायचं होतं. मीही म्हणालो होतो त्याला. तर म्हणाला, "पाय उचलतच नव्हते रे. कारण मीच दिले होते टोले. माझीच पोर वर असताना. मुकादमानं केलं तेच मी केलं. मी सायकली मोजल्या."

तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, त्या दाराशी बसून. आणि रडता रडता बोलून गेला, "चूक झाली. मोजायचं राहिलं. चला. सगळेच चला."

आत काहीच नाही. एकदम शांत.

मग दाराच्या खालच्या फटीतून पाणी यायला लागलं. थोडंसं. गार.

त्यानं भाचीला सायकलच्या सीटवर बसवलं, हँडल धरलं, आणि ढकलत निघाला. उतार. धुकं. चाकाची टकटक.

तिसऱ्या वळणाशी मागून पावलं.

अनवाणी. ओली. चिखलात पडतात तशी.

एक जण नाही.

"मामा..."

"मागं बघू नकोस."

"नाही बघत."

"डोळे मीट."

"मिटलेत... मामा, कुणीतरी खोकतंय."

तो चालत राहिला. त्याचा गुडघा करकरत होता, एरवी ती हसली असती. दुसरं वळण. पहिलं. खाली गेटाचा दिवा दिसला. वहिनी उभ्या होत्या, एका हातानं गेट धरून.

"आली का हो?"

"आली. गेट लाव."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्याच्या खांद्यावरून मागं बघत होत्या.

"अगं, लाव म्हणतो ना!"

"थांबा." आवाज अगदी बारीक. "अजून येतायत."

मिस्त्री पोरीला घेऊन गेटाबाहेर आला. वळला नाही. वहिनी तशाच उभ्या. ओठ हलत होते. मोजत होत्या. किती वेळ? मिस्त्री म्हणतो दहा मिनिटं, भाची म्हणते तासभर. मग त्यांनी गेट लावलं, कडी घातली.

मी नंतर विचारलं होतं, वहिनी, किती होते? म्हणाल्या, "सगळे आले, भाऊजी." आकडा काही सांगितला नाही. कधीच नाही.

पोरीचा पाय जोडला, पण लंगडते अजून. नर्सिंग सोडलं. पाण्याचा आवाज सहन होत नाही तिला. मिस्त्रीनं महिन्याभरात दुकान विकलं. आता तुम्हाला सायकली देतो तो नवा माणूस. त्याला यातलं काही माहीत नाही.

"आणि काका... ते? ते कुठं गेले?"

ते मला विचारू नका. मी पाहिलं तेवढंच सांगतो.

रविवारी पहाटे सहाला मिस्त्रीनं मला बोलावलं. दुकानामागं सायकली धुवायची जागा होती. सिमेंटचा ओटा, नळ, वर हजार लिटरची टाकी. शनिवारी संध्याकाळी वहिनींनी टाकी काठोकाठ भरली होती, आणि उद्याची गर्दी म्हणून कपडे धुवायच्या साबणाची नवी लांब वडी कागद काढून ठेवली होती.

टाकी कोरडी होती. नळ घट्ट बंद. कुणीतरी आठवणीनं बंद केल्यासारखा. ओट्यावरून लाल पाणी वाहून वाहून त्याचा गाळ बसलेला.

वहिनी समोर उभ्या होत्या. हात लावत नव्हत्या.

ओट्याच्या कोपऱ्यात साबण होता. नखाएवढा उरलेला. लाल.