बोल्टवरचा लाल ठिपका

"आज तरी बंद पडू नकोस गं," बिट्टी गाडीला मनातल्या मनात विनवत होती. मामाने क्लच सोडला. डिझेलची जुनी गाडी दोन हात पुढे सरकली, तिने आचका दिला आणि ती गप्प झाली. मागच्या भोंग्यांनी कान किटले.

बिट्टीची आई दूरच्या धरणावर इंजिनिअर होती. तिला फक्त रविवारी सुट्टी, आणि तिकडे बस जात नव्हती. शाळेला सुट्टी लागल्यापासून बिट्टी मामाकडेच होती. आईला बघून तीन आठवडे झाले होते. गेले दोन रविवार अरुंद पुलावरच्या रांगेत गाडी अशीच बंद पडली होती. आजचा तिसरा.

"मेकॅनिक म्हणतो, गाडी ठणठणीत आहे. माझाच पाय म्हातारा झालाय," मामा हळूच म्हणाला आणि त्याने गाडी मागे वळवली.

घरी आल्यावर बिट्टीने जेवणाचं ताट बाजूला सारलं. तेव्हा मामेभाऊ लंबू गाडीचं माहितीपुस्तक घेऊन आला. त्याच्या मागोमाग त्याची धाकटी बहीण आली. ती सतत कुणाच्या तरी मागे असायची, म्हणून तिचं नाव शेपूट.

"मोकळ्या रस्त्यावर कधी बंद पडली?" लंबूने विचारलं.

"कधीच नाही. थांबून निघताना, नाहीतर रांगेत रांगताना."

"आणि तेव्हाच काळा धूर सोडते," शेपूट म्हणाली. "मी मागच्या काचेतून बघते ना."

पुस्तकात तेच होतं. इंजिनाचा थोडा धूर एका व्हॉल्व्हमधून परत आत जातो. काजळीने तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर वेग कमी असताना इंजिन गुदमरतं.

"पण मेकॅनिकने 'व्हॉल्व्ह साफ केला' असं दोनदा लिहून दिलंय," लंबू म्हणाला.

"लिहिलंय. केलंय का?" बिट्टीने विचारलं.

सोमवारी गाडी गॅरेजात जाण्याआधी बिट्टीने व्हॉल्व्हच्या दोन्ही बोल्टांच्या कडेला, अर्धा बोल्टवर आणि अर्धा खालच्या भागावर येईल असा, लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. बोल्ट जरा जरी फिरला, तरी ठिपका तडकणार होता.

संध्याकाळी सगळे गाडी आणायला गेले. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "व्हॉल्व्ह उघडून चकाचक केलाय. चालवणाऱ्यालाच जमत नसेल तर मी काय करू?"

मामाने मान खाली घातली. बिट्टीला ते बघवेना.

"काका, बॉनेट उघडता जरा?"

ठिपके जसेच्या तसे होते. ते कशासाठी दिले, हे बिट्टीने सांगितल्यावर मेकॅनिकचा चेहरा उतरला.

"गडबडीत राहिलं असेल," तो पुटपुटला.

"तीनदा?" मामाने विचारलं.

मग मेकॅनिकने त्यांच्यासमोर व्हॉल्व्ह खोलला. आत बोटभर काजळी. "चुकलो," काजळी खरवडत तो म्हणाला. "पोरांची नजर माझ्यापेक्षा पक्की निघाली."

मामाने बिट्टीच्या डोक्यावर हात ठेवला. तो बराच वेळ काढला नाही.

रविवारी पुलावर गाडी अकरा वेळा थांबली आणि अकराही वेळा निमूट निघाली. धरणाच्या फाटकाशी आई उभी होती. तिला सांगायचं म्हणून लक्षात ठेवलेलं सगळं बिट्टी विसरली.

मामाकडून हकिकत ऐकून आई म्हणाली, "मी नव्हते तेवढ्यात केवढी मोठी झालीस गं."

"नाही झाले," बिट्टी म्हणाली आणि तिने आईच्या कुशीत तोंड लपवलं.