मागच्या सीटवर

तो मोबाईल आधी पालथा ठेव. त्याचा उजेड तोंडावर पडला की तुम्हीच भुतासारखे दिसता, मग माझी गोष्ट फिकी पडते. हां, आता बरं. आणि आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझ्या शेजाऱ्याचं जे झालं ते सांगतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर झोपा.

माझं गाड्या रंगवायचं दुकान होतं, तेव्हा लगतच्या गाळ्यात एक जण गाड्यांच्या सिटा शिवायचा. सगळे त्याला सीटमास्तर म्हणत. विजारीला कायम दोऱ्याचे तुकडे चिकटलेले आणि कानामागे बाकदार सुई, तिच्यासकट एकदा केस कापायला गेला होता. माणूस देवमाणूस, पण भिडस्त. कुणाला तोंडावर नाही म्हणणं याला जमायचंच नाही. नाही म्हणायच्या ऐवजी तो बहाणे सांगायचा. आणि बहाणाही असा शिवायचा की टाका दिसू नये.

त्याची आई तो सहा वर्षांचा असताना गेली. आत्याने वाढवला. एकटी बाई, लोकांचे कपडे शिवून पोट भरायची. तिच्याच मशीनवर बसून मास्तर सरळ टीप घालायला शिकला. पुढे लग्न झालं, मास्तर शहरात आला, आत्या तिकडेच राहिली. सहा तासांची वाट. जाणं वर्षातून एकदा, तेही मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत.

त्या वर्षी सुट्टीत मास्तर, त्याची बायको, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असे चौघे आपल्या जुन्या गाडीतून नातेवाइकांकडे फिरले. मेहुणीकडे चार दिवस, चुलतभावाकडे तीन, आणि शेवटी आत्याकडे. पोरं उन्हाने काळवंडली होती, गुडघे फुटले होते आणि घरी जायचं नाव काढलं की भोकाड पसरत होती. मे महिन्याच्या एकतीस तारखेला, रविवारी, परत निघायचं होतं.

आदल्या रात्री आत्या म्हणाली, "मीही येते रे तुमच्याबरोबर. तुझं घर मी अजून बघितलं नाही."

मास्तरची बायको लगेच म्हणाली, "चला ना आत्या. पोरं तर तुम्हाला सोडतच नाहीत." आणि ती अंथरुणं घालायला आत गेली.

मास्तर अडकला. घर दोन खोल्यांचं. आत्या थकलेली, रात्री दहादा उठायची. एकदा आली की परत जायची नाही, हे त्याच्या मनाने घेतलं. जिने सहा वर्षांच्या पोराला दारात घेताना किती दिवस म्हणून विचारलं नव्हतं, तिचे दिवस हा मनात मोजत बसला. वाईट माणूस नव्हता हो. पण त्या रात्री वाईट वागला.

"आणलंच असतं आत्या," तो म्हणाला, "पण गाडीची मागची सीट निखळलीय. दोन पोरं कशीबशी बसतात. तिसऱ्याला जागाच नाही."

आत्याने त्याच्याकडे बघितलं. "सकाळी बघू," एवढंच म्हणाली.

आता आली का पंचाईत! सीट तर ठणठणीत. मग हा पठ्ठ्या पहाटे गाडीत पाणी घालायच्या निमित्ताने अंगणात उतरला आणि पाना घेऊन मागच्या सीटचे दोन्ही बोल्ट काढून बसला. खोटं खरं करून ठेवलं. हात तेलकट झाले म्हणून अंगणातल्या नळावर गेला, बोल्ट कठड्यावर ठेवले, हात धुतले. तेवढ्यात आत्या बाहेर आली. तिने गाडीचं दार उघडून सीटला एक बोट लावलं. सीट सर्रकन पुढे सरकली.

आत्या हसली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बरं बाबा. पुढच्या खेपेला."

दुपारी तीनला ते निघाले. आत्याच्या दाराआड एक पिशवी भरून, तोंड बांधून ठेवलेली होती. मास्तरला ती दिसली. त्याने मान फिरवली आणि गाडी चालू केली.

पहिल्या पेट्रोलपंपावर बोल्ट बसवायचे, असा त्याचा बेत होता. मागे पोरांचा दंगा चालू, आणि प्रत्येक खड्ड्याला सीट खडखड वाजत होती. पंपावर त्याने खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मग त्याला नळाचा कठडा आठवला.

आता करणार काय? दोरीने सीट आवळून बांधता आली असती. दोरी डिकीत होती. पण दोरी काढली की बायको विचारणार, काय झालं? चांगली होती की काल! मग सगळंच सांगावं लागलं असतं. मास्तरने विचार केला, हळू चालवू. आणि स्वतःची दोन पोरं त्या सुट्या सीटवर बसवून तो तसाच पुढे निघाला. लोकांच्या गाडीत एक टाचणी राहिली तर अख्खी सीट उसवणारा माणूस! मला हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता.

खडखड चालू होती. दर खड्ड्याला मास्तर वेग कमी करायचा. मग केव्हातरी खडखड थांबली. त्याने घड्याळ बघितलं. सव्वापाच. बसली असेल कुठेतरी घट्ट, असं मनाशी म्हणून त्याने सुस्कारा सोडला. माणसाला सुटका हवी असली की तो फार खोलात जात नाही.

वाटेत टायर बसला, त्यात दीड तास गेला. अंधार पडला. बायको शेजारच्या सीटवर मान टाकून झोपली. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना शेतं, दूरवर एखादा दिवा. पावणेदहाच्या सुमाराला मागून मुलीचा आवाज आला.

"सरक ना. अजून सरक थोडा."

मास्तरने आरशात बघितलं. दोन्ही पोरं डाव्या दाराला चिकटून बसली होती. एकमेकांना खेटून, पाय पोटाशी घेऊन. उजवी अर्धी सीट रिकामी.

"अगं, ऐसपैस बसा की. एवढी जागा आहे."

"जागा नाहीये बाबा," मुलगी म्हणाली.

मास्तरला वाटलं, ऐकलं वाटतं हिने काल रात्री. पोरं फार हुशार असतात, मोठ्यांचं खोटं ती मोठ्यांनाच परत करतात. त्याला मनातून शरम वाटली. ओरडावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने ओरडणार?

थोड्या वेळाने समोरून एक गाडी आली. तिचा उजेड आत पसरला. त्याने पुन्हा आरशात बघितलं.

धाकटा झोपला होता. बहिणीकडे कलून नाही. उलट्या बाजूला. रिकाम्या बाजूला. त्याचं डोकं तिरकं झालं होतं... आणि त्याखाली काहीच नव्हतं. ना उशी, ना पिशवी. डोकं नुसतं हवेत टेकलेलं. गाडी हलत होती, पण डोकं घरंगळत नव्हतं.

समोरची गाडी निघून गेली. पुन्हा अंधार.

मास्तरने आरशातली नजर काढली. पुन्हा बघायचं धाडस होईना. बायकोला उठवावं... पण तिला काय सांगणार?

दहा वाजून दहा मिनिटं. वळण आलं. वळणाच्या पलीकडे... ट्रक. बंद पडलेला. मागचा दिवा नाही. रस्त्याच्या मधोमध.

मास्तरने ब्रेकवर उभं राहून ब्रेक दाबला.

टायर किंचाळले. बायको पुढे फेकली गेली, तिने कसेबसे हात टेकले. पाण्याची बाटली मागून उडून काचेवर आदळली. चपला, पुस्तकं, खेळणी, सगळं पुढे. गाडी ट्रकापासून हातभर अंतरावर थांबली.

मग... काहीच नाही. शांत.

मागून रडणं नाही. ओरडणं नाही. मास्तरला वळवेना. पोरं सीटसकट पुढे येऊन चेंगरली असणार. माझ्या हाताने. माझ्या दोन बोल्टांनी. एवढंच त्याच्या डोक्यात.

बायकोनेच वळून बघितलं. "अहो... ही तर जागची हललीही नाहीत."

मास्तर खाली उतरला. टॉर्च घेऊन त्याने मागचं उजवं दार उघडलं. धाकटा झोपलेलाच. मुलगी जागी, डोळे मोठे करून बघत होती. मास्तरने वाकून सीटखाली उजेड टाकला. बोल्टांची दोन्ही भोकं रिकामी. आरपार दिसत होती.

त्याने सीटला हात लावला. हलेना. दोन्ही हातांनी ढकलली. हलेना. सकाळी म्हातारीच्या एका बोटाने सरकलेली सीट... त्याने खांदा लावला.

"बाबा, नको ढकलूस," मुलगी हळूच म्हणाली. "तिला लागेल."

"कोणाला?"

मुलीने शेजारी बघितलं. रिकाम्या जागेकडे. मग पुन्हा बापाकडे.

"कोणाला, बाळा?"

"ती म्हणाली, सांगू नकोस."

"का?"

"बाबाला वाईट वाटेल म्हणून."

मास्तर तिथेच, रस्त्यावर, गुडघ्यांवर बसला.

मुलगी कुजबुजली, "ते दोन खिळे नळाजवळ राहिले, हे तिला माहितीये. पण ती तुझ्यावर रागावली नाहीये. खरंच. ती म्हणते, तू लहानपणी पण असंच करायचास."

बायकोने विचारलं, "कुठले खिळे? काय चाललंय तुमचं?" त्याने दार लावलं. हळू लावलं, आत कुणाचा हात सापडू नये असं. आणि उरलेली वाट तो तीसच्या वर गेला नाही.

घरी पोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. दोघांनी एकेक पोर उचलून वर नेलं. मास्तरचा फोन वाटेतच बंद पडला होता, तो चार्जिंगला लावला आणि थोड्या वेळाने वाजायला लागला. आत्याची शेजारीण. संध्याकाळपासून लावत होती बिचारी.

आत्या दाराबाहेरच्या पायरीवर बसलेली सापडली होती. बाहेर जायची चप्पल पायात, पिशवी मांडीवर. शेजारणीला वाटलं, कुणाची तरी वाट बघतेय. जवळ जाऊन हाक मारली तर... डॉक्टर म्हणाले, पाच-सव्वापाचच्या सुमाराला गेली.

मास्तरने फोन ठेवला. रडला नाही. खाली गेला. त्याच्या मागोमाग बायको जिन्यापर्यंत आली आणि वरूनच बघत राहिली. तिने जे बघितलं ते तिने मला स्वतः सांगितलंय. मास्तरने गाडीचं मागचं उजवं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला उभा राहिला.

"आत्या, घर आलं," तो म्हणाला. "चुकलो मी. जागा होती गं. खूप जागा होती. चल वर."

बराच वेळ तो तसाच उभा. मग त्याने हात पुढे केला, वयस्कर माणसाला उतरवताना करतो तसा. आणि जिना चढायला लागला. एक पायरी... थांबला. दुसरी पायरी... थांबला. मधे एकदा म्हणाला, "सावकाश. इथे पायरी उंच आहे." बायको भिंतीला चिकटून उभी राहिली आणि दोघांना वाट दिली. दोघांना, असंच म्हणाली ती मला.

सकाळी तो आत्याच्या गावी निघाला. निघण्याआधी मागच्या सीटला त्याने सहज हात लावला, तर ती सर्रकन पुढे आली. माझ्याकडून दोन बोल्ट मागून नेऊन बसवले. का हवेत ते तेव्हा बोलला नाही. आत्याचे दिवस झाल्यावर एकदा दुकान बंद करता करता त्याने मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, "अरे, तिने माफ केलं तुला." तर म्हणाला, "तेच तर सहन होत नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर झोप लागली असती."

आता याला बारा वर्षं झाली. मुलगी कॉलेजात आहे. बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक मोठी गादी असते, मास्तरनेच भरलेली, चांगल्यातल्या चांगल्या फोमची. तिघं आरामात झोपतील एवढी. त्यावर दोन्ही भावंडं झोपतात, आणि अजूनही एका कडेला, खेटून. उजवी बाजू मोकळी ठेवतात. कुणी सांगितलं नाही त्यांना तसं.

मास्तरने ती गादी पाच वेळा उसवून पुन्हा भरली. फोमची एक गोष्ट असते, माणूस उठून गेला की घटकाभरात तो वर येतो, बसल्याची खूण राहत नाही. रात्री अंथरूण घालताना ती गादी पाटासारखी सपाट असते, मी बघितलीय. पहाटे पाचला त्याने मला मुद्दाम बोलावून नेलं होतं. पोरं कडेला झोपलेली. उजव्या बाजूला, चादरीवर, कुणीतरी कुशीवर झोपून नुकतंच उठावं तसा खळगा. लहानसा. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाएवढा.

मी वाकून त्यात हात ठेवला. गादी गरम होती.