प्लग गरम होतोय का?

दुकानाच्या काउंटरवर तिने नव्या ओव्हनच्या प्लगचा फोटो दाखवला आणि हा जाड पिनांचा प्लग घरातल्या छोट्या सॉकेटात बसेल असा कन्व्हर्टर मागितला.

शेजारी उभ्या असलेल्या वायरमनने मान वळवली. "ओव्हनला?"

"हो."

"मग घेऊ नका."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. हा माणूस रोज एक तरी गिऱ्हाईक पळवून लावतो, असं त्याने तिला ऐकवलं. वायरमनने खिशातून एक कन्व्हर्टर काढून काउंटरवर ठेवला. एका बाजूने वितळलेला, काळाठिक्कर.

"परवाच एका स्वयंपाकघरातून काढला. छोट्या सॉकेटामागची वायर बारीक असते. ओव्हन तासभर चालला की..." पुढचं त्याने बोटं फाकवूनच सांगितलं.

तिने घाबरायला हवं होतं. ती त्या बोटांकडेच बघत राहिली.

तिने बोलावल्यावरून रविवारी तो कामाला घरी आला. बाबांचा या सगळ्याला विरोध होता. त्यांच्या इस्त्रीने वीस वर्षं एकाच कन्व्हर्टरवर काढली होती, आणि घर अजून जागेवर होतं. वायरमनने हुज्जत घातली नाही. मीटरपासून ओट्यापर्यंत जाड वायरची वेगळी लाइन ओढली, मोठा सॉकेट बसवला, अर्थिंग तपासलं. मग ओव्हन सुरू केला आणि मनगटावरचं घड्याळ बघून स्टुलावर बसला.

त्याचा नियम होता. यंत्र तासभर चालवायचं, मग बंद करून प्लगला बोटांची मागची बाजू लावायची. कोमट चालेल, गरम नाही. त्याआधी काम झालं म्हणायचं नाही.

नुसता ओव्हन तापवणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने केक ठेवला. तो एका बाजूला कलला. तिचा चेहरा पडलेला बघून त्याने उंच बाजूचा तुकडा उचलला.

"ओट्याला उतार आहे," तो म्हणाला. "तुमचा दोष नाही."

बरोबर तास झाला. तो उठला, प्लगला हात लावला, गेला.

दुसऱ्या रविवारी वॉशिंग मशीनची लाइन झाली. त्या तासात त्याची धाकटी बहीण, त्याची मोडकी स्कूटर आणि त्याला उंचीची वाटणारी भीती, एवढं तिला कळलं. वायरमन असून शिडीला भिता, म्हणून ती हसली. तोही हसला... आणि पुन्हा घड्याळ बघितलं. साठ मिनिटं. एकही जास्त नाही.

तिसऱ्या रविवारी बाबांच्या खोलीतला एसी उरला होता. त्यानंतर घरात मोठं यंत्र नव्हतं, आणि त्याला यायला कारणही नव्हतं. सकाळपासून तिने तीन वाक्यं मनात जुळवली आणि तिन्ही मोडली.

एसी सुरू झाला. बाबा आत वर्तमानपत्र वाचत पडले. ही दोघं बाहेर चहा घेऊन बसली. कप रिकामे झाले तरी दोघांनी ते हातातच धरून ठेवले.

आतून बाबांचा आवाज आला. "अहो वायरमन, अजून किती गारठवणार मला? स्वेटर झाला, मफलर झाला. तुमचा तास संपून वीस मिनिटं झाली."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने घड्याळाकडे बघितलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मग प्लग का नाही बघितला?"

तो कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "तो गार असणार... आणि मग काम संपणार."

जुळवलेलं एकही वाक्य तिच्या कामी आलं नाही. तिने त्याच्या हातातून कप काढून घेतला.

"पुढच्या रविवारी या," ती म्हणाली. "काही बिघडलेलं नसेल. तरी या."

तो आत गेला, एसी बंद केला, प्लगला बोटं लावली.

"कसा आहे?" बाबांनी मफलरमधून विचारलं.

"गार आहे, काका."

"आणि तुझे कान का तापलेत?" बाबा म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.